पाच पस्तीसचं टेबल

“वहिनी, मिळालं! लवकर या, मिळालं!”

मी एवढ्या जोरात ओरडले की वहिनी कणकेच्या हातांनीच धावत आल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. चौदा मे. सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. चार माणसं. किल्ल्यातला नाश्ता.

“हात लावू नकोस,” त्या म्हणाल्या.

“हात लावल्याशिवाय बुक कसं होणार?”

“मग लाव की! बघत काय बसलीस?”

मी बटण दाबलं. ते चक्र फिरायला लागलं. आम्ही दोघींनी श्वास रोखला, कारण सांगलीत त्या वेळी लाईट कधी जाईल ते सांगता यायचं नाही. मग हिरवी पट्टी आली आणि खाली नंबर. वहिनींनी कणकेच्या हातांनीच माझे दोन्ही गाल धरले. “वैजू, तू नसतीस तर काय केलं असतं गं मी!”

आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, “काय झालं? मुलगा का मुलगी?”

“टेबल झालं, आप्पा,” मी म्हटलं. “नाश्त्याचं. मे महिन्यातलं.”

आप्पा काठी टेकत दारात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला उंच, हडकुळा माणूस. दादांचे, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचे, वडील. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आज डिसेंबरची सव्वीस. माझं लग्न ठरल्यापासून अकराव्या दिवशी अक्षता पडल्या होत्या. आणि तुम्ही नाश्त्याला पाच महिने आधी पाट मांडताय?”

“आप्पा, तिथं सहा महिने आधी बुकिंग उघडतं आणि तीन मिनिटांत संपतं,” वहिनी म्हणाल्या. “जगभरातले लोक टपून बसलेले असतात.”

“खायला काय देतात?”

“पॅनकेक. अंडी. बटाट्याचं काहीतरी.”

“म्हणजे धिरडं,” आप्पा म्हणाले. “धिरड्यासाठी जग टपून बसलंय.” पण जाताना मला हळूच विचारलं, “माझं नाव घातलंस ना गं चारात?”

घातलं होतं.

मी त्या घरात कशी आले ते सांगते. दादांचं, म्हणजे निरंजन सरनोबतांचं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि मी तिथं बिलं टाइप करायचे. दहावी नापास. इंग्रजी मी फॉर्म भरून भरून शिकले, लोकांचे पासपोर्टचे, गॅसचे, कॉलेजचे. कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचे उपकारही नाहीत. वहिनींना कळलं की मला अमेरिकेची वेबसाइट वाचता येते, आणि त्यांनी मला दुकानातून उचलून घरात आणलं. सरनोबतांच्या घरात माझं ताट वेगळं ठेवलेलं असायचं. पासवर्ड मात्र माझा चालायचा.

फ्लोरिडातल्या त्या भल्यामोठ्या पार्कात एक किल्ला आहे, आणि किल्ल्यात वर जेवणघर. राजकन्यांचे झगे घातलेल्या पोरी टेबलाटेबलाशी येतात आणि मुलांना नावानं हाक मारतात. चौदा मेला ईराचा, वहिनींच्या मुलीचा, सातवा वाढदिवस. वहिनींनी तिला शब्द दिला होता. नोव्हेंबरात बुकिंग उघडलं त्या दिवशी आपल्या दुपारी साडेचारला मी तयार बसले होते, तरी हातातून गेलं. वहिनी रडल्या. मी रडले नाही. मला राग आला. कोणीतरी एखादं टेबल रद्द करणारच, ते मी धरणार, असं ठरवून रोज दुपारी बसायला लागले. लाईट जायची त्या दिवशी दुकानात जाऊन इन्व्हर्टरवर बसायचे. एक्केचाळीस दिवस. एक्केचाळिसाव्या दिवशी मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा जगभरातल्या लोकांच्या पुढे माझा नंबर लागला होता, आणि तोही दुसऱ्याच्या जेवणासाठी. पण नंबर माझा होता. माझ्या बोटांनी लावलेला.

बाकीचं सगळं मग सोपं होतं. पाच दिवसांची अकरा जेवणं मी जानेवारीपर्यंत लावून टाकली. कुठे शाकाहारी मिळेल, कुठे आप्पांना मऊ मिळेल, सगळं कागदावर. आप्पा मुंबईला जाऊन व्हिसाच्या गोऱ्या साहेबासमोर उभे राहून आले. “काय विचारलं?” म्हटलं. “विचारलं, परत येणार ना? म्हटलं, बाबा, ऊस कोण बघणार?”

मार्चमध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. दवाखान्यातून आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी दादा त्यांच्या पलंगाशी बसून माझ्यादेखत म्हणाले, “आप्पा, आता कुठं जायचं नाही. तुम्हाला सोडून आम्ही जाणार नाही. सगळं रद्द करतो.”

आप्पांनी डाव्या हातानं त्यांचा हात थोपटला.

रद्द काही झालं नाही. वहिनी मला म्हणाल्या, “किल्ल्याचं चाराचं तीन कर.”

“हात लावला तर अख्खं टेबल जाईल, वहिनी. राहू दे चाराचंच.”

“बरं. आणि आप्पांसमोर विषय काढू नकोस.”

मी नाही काढला. ईरानं काढला. एप्रिलच्या शेवटी एक दिवस ती आजोबांच्या पलंगावर चढून बसली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही येणार नाही ना, मग तुमचा पॅनकेक मी खाऊ?”

त्या दिवसापासून आप्पांनी दादांशी अबोला धरला. वहिनींशी बोलायचे, माझ्याशी बोलायचे, पेपर टाकणाऱ्याशीसुद्धा दोन शब्द बोलायचे. दादा खोलीत आले की डोळे मिटून घ्यायचे. दादा दोन मिनिटं उभे राहायचे आणि जायचे. मी म्हटलं, “दादा, न्यायचं नव्हतं तर नव्हतं, पण खोटं कशाला बोललात?” ते म्हणाले, “वैजू, त्या वेळी ते खरं होतं गं.”

नऊ मेला निघाले. आप्पांजवळ मी राहणार होते. टॅक्सी दारात. दादा आप्पांच्या खोलीत गेले, “येतो आप्पा,” म्हणाले. आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दादा बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बुटाची नाडी बांधत बसले. एकच नाडी. वहिनींनी मला बाजूला घेतलं.

“नीट ऐक. काही झालं, काहीही, तरी चौदा तारखेचा नाश्ता होईपर्यंत फोन करायचा नाही.”

“काहीही म्हणजे?”

“तुला कळतंय मी काय म्हणते ते. मी गुरुजींना विचारलंय. सुतक कळल्यापासून लागतं. कळलंच नाही तर लागत नाही. कळलं की पोरीचा वाढदिवस नाही, गोड नाही, काही नाही, आहे त्या पावली विमान.” त्यांनी माझं मनगट धरलं. “दोन महिने मी त्यांचं हागलं-मुतलं काढलंय, वैजू. तू बघितलंयस. एक दिवस तोंड वाकडं केलं नाही. पाच दिवस माझे आहेत. तेवढे मला दे.”

त्या खरं बोलत होत्या, म्हणून मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. अजूनही नाही म्हणत. दादा तीन हातांवर होते, नाडी बांधत. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हटलं, “बरं.”

चौदा तारीख शनिवार होती. सकाळपासून आप्पांचा श्वास बदलला. तीन वाजता डॉक्टर येऊन गेले. नाडी बघितली, छातीला नळी लावली, मला बाहेर बोलावून म्हणाले, “आता हलवण्यात अर्थ नाही. मुलाला कळव. बोलणं-बिणं करून दे. शुद्ध आहे तोवर.”

मी आत आले तर आप्पा टक्क जागे. आणि जीभ मोकळी. दोन महिन्यांत इतके स्वच्छ शब्द मी ऐकले नव्हते.

“काय म्हणाला टकल्या?”

“आराम करा म्हणाले.”

“तो मला करायचाच आहे. वैजे, निरूला फोन लाव.”

मी घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन. तिकडे पहाटेचे पावणेसहा. ईराला उठवत असतील. निळा झगा घालत असतील. आपल्या पाच पस्तीसला टेबल.

“आप्पा, तिकडे पहाट आहे. थोड्या वेळानं लावते.”

“पहाटे मी त्याला दहा वर्षं उठवलंय शाळेसाठी. सवय आहे त्याला. लाव.”

मी हॉलमध्ये गेले. फोन उचलला. कार्ड समोर होतं, दादांचा तिकडचा नंबर माझ्याच अक्षरात. मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. मग ठेवला.

“लागत नाही, आप्पा.”

“परत लाव.”

चार वाजता परत लावला. या वेळी आप्पांनी दार उघडं ठेवायला सांगितलं, त्यांना दिसत होतं. म्हणून मी नंबर फिरवला. शेवटचा आकडा सोडून. मग थांबले. कानात काहीच वाजत नव्हतं. मी “हॅलो, हॅलो” पण म्हटलं.

“त्यांची पण लाईट गेली का काय?” आप्पा म्हणाले, आणि हसले. हसताना खोकला आला, तो थांबेना. मी त्यांना उठवून धरलं. खांदे नुसते हाडांचे. खोकला थांबल्यावर ते माझ्या हातावर डोकं ठेवून पडले आणि म्हणाले, “बरं, लागला नाही तर तू सांग. म्हणावं, जाताना तोंड फिरवलं ते माझं चुकलं. पोरीला पोटभर खाऊ घाल म्हणावं. तिथं मिळतं ते सगळं. आणि म्हणावं...”

“बोला आप्पा.”

“आता मी बोलतोय म्हणावं त्याच्याशी.”

साडेचारला मला म्हणाले, “परत बघ की गं एकदा.” मी गेले आणि आले. नुसती मान हलवली. पुढे ते दाराकडे बघत पडले. कोणाची चाहूल घ्यावी तसे. पाच वाजून दहा मिनिटांनी गेले. मी समोर होते. डोळे मीच मिटले.

आता पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

मी तोंड धुतलं, खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. पाच पस्तीस झाले. मला वेबसाइटवरची ती जागा पाठ होती. दगडी जिना, वर रंगीत काचा, काचांतून खालचा चौक दिसतो. पहिल्यांदा टोपलीभर गोड पाव येतो. मग विचारतात, तुम्ही कोण, पोरगी कितवी, वाढदिवस का. पावणेसहाला पहिली राजकन्या येणार. सहाला पॅनकेक. एक मेलेला माणूस माझ्या गुडघ्याला टेकलेला होता आणि मी मनात टोपलीतले पाव मोजत होते. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं ते सांगते, वाटत होतं की झालं, जमलं. एक्केचाळीस दिवसांचं टेबल वाया गेलं नाही.

वहिनींनी सांगितलं म्हणून मी फोन केला नाही, असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. वहिनींनी मेल्यावर करू नको म्हटलं होतं. आप्पा जिवंत होते. सव्वातीनला जिवंत होते, चारला होते, साडेचारला होते. मी कुणाच्या बायकोचं ऐकणारी पोर नव्हतेच. मी माझं टेबल राखत होते.

पावणेसातला डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आप्पांचा हात उचलून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “कधी?”

“आत्ता. पाच-दहा मिनिटं झाली.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं. दाखल्यावर सहा चाळीस आहे. ती वेळ माझी आहे.

मग मी नंबर फिरवला. सगळे आकडे. एकाच रिंगला उचलला, अर्ध्या रिंगला.

“वैजू?”

“दादा, आप्पा गेले.”

पलीकडे बँडबाजा वाजत होता. दादा “कधी?” म्हणाले. “आत्ताच,” म्हटलं. “त्रास?” म्हणाले. मी म्हटलं, “झोपेतच गेले, दादा. काही कळलं नाही त्यांना.”

दादा सोमवारी रात्री पोचले. आप्पांना दवाखान्यातल्या थंड खोलीत ठेवलं होतं, मंगळवारी सकाळी कृष्णाकाठी दादांनी अग्नी दिला. वहिनी घरात पाऊल टाकताच माझ्या गळ्यात पडल्या. “सहा चाळीस म्हणजे तिकडे नऊ दहा,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “आम्ही नुकतेच खाली उतरलो होतो गं. देवालाच काळजी.” त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

दिवसकार्य झालं. तेराव्याची माणसं जेवून गेली. गादी गुंडाळलेली, पलंग उभा करून भिंतीला लावलेला. वहिनी आणि ईरा वर झोपल्या होत्या. मी हॉलमध्ये पत्रावळी गोळा करत होते, तेव्हा दादा आले आणि फोनच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. डोकं तुळतुळीत. एकदम आप्पांसारखे दिसत होते.

“वैजू, एक सांगू? हिला माहीत आहे, पण ही कोणाला सांगत नाही. मी वर गेलोच नाही त्या दिवशी.”

“कुठं वर?”

“किल्ल्यात. नाश्त्याला. पोरीला आणि हिला पाठवलं आणि मी खाली बाकावर बसलो. सहापासून फोन हातात होता माझ्या. रात्रभर झोप नव्हती.”

माझ्या हातातली पत्रावळ खाली पडली. मी ती उचलली.

“मग तुम्ही का नाही केलात फोन?” मी विचारलं. जरा जोरातच विचारलं. “तुमच्या हातात होता ना?”

“केला असता आणि त्यांनी घेतला नसता तर?” दादा म्हणाले. “रिसीव्हर कानाला लावून गप्प बसले असते, तर? मला ते झेपलं नसतं गं. म्हटलं, त्यांनी लावू दे. ते लावतील तुझ्याकडून.” ते फोनकडे बघत होते. “निघताना ही तुला काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. तिथंच होतो. मला बोलायला पाहिजे होतं, नाही बोललो. मनात म्हटलं, वैजू कुठं ऐकणार आहे हिचं? वैजू कोणाच्या बापाचं ऐकत नाही. काही असलं तर ही पोर फोन करणारच. त्या भरवशावर गेलो मी.”

मी पत्रावळी एकात एक घालत राहिले.

“साडेआठ झाले, फोन नाही. नऊ झाले, नाही. म्हटलं, वैजूचा नाही म्हणजे आप्पा बरे आहेत. तेव्हा जरा पाठ टेकली मी. झोपलोसुद्धा पाच मिनिटं.” ते माझ्याकडे वळले. “काही बोलले का गं ते? त्या दिवशी? माझ्याबद्दल नाही, असंच. काहीही.”

बाहेर कोणीतरी मांडवाचे बांबू सोडवत होतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. आता मी बोलतोय म्हणावं त्याच्याशी. पाच शब्द. ते दिले असते तर दादा त्या खुर्चीतून वेगळा माणूस होऊन उठले असते. पण ते पाच शब्द एकटे देता येत नव्हते. त्यांच्यामागे सव्वातीन होतं, चार होतं, साडेचार होतं, आणि न फिरवलेला एक आकडा होता.

“नाही, दादा,” मी म्हटलं. “दुपारपासून झोपूनच होते.”

दादांनी मान हलवली. एकदा, दोनदा. टेबलावरचा फोन उगाच सरळ केला.

“म्हणजे रागातच गेले,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत उभी होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काही म्हणेन म्हणून.

“चहा टाकू का, दादा?” मी विचारलं.